महाविद्यालयीन रेडिओ आणि प्रसारण-शिक्षण : प्राध्यापकीची एक वेगळी वाट

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्तीतील पालकांची एकच धावपळ सुरू होते. डी.एड. बरे की आय.टी.आय., नर्सिंगला मुलीला पाठवावे की नाही, पोलीस भरतीची तयारी आतापासूनच करावी का, असे प्रश्न घरोघरी विचारले जातात. हे सर्व मार्ग चांगलेच आहेत. परंतु त्याच त्या चार-पाच मार्गांवर आपली सर्व मुले उभी राहिली की गर्दी वाढते आणि पुष्कळ मुले मागे राहतात. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एका अशा क्षेत्राची ओळख करून देत आहोत, ज्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. ते क्षेत्र म्हणजे रेडिओ व प्रसारण या विषयांचे अध्यापन आणि संशोधन.

रेडिओ आपण सर्वांनी ऐकला आहे. आकाशवाणीचे जळगाव केंद्र १९७६ साली सुरू झाले, तेव्हापासून बाजारभाव, शेतीविषयक सल्ला आणि लोकगीते यांच्यामुळे ते खान्देशात घरोघरी पोहोचले. परंतु रेडिओ हा महाविद्यालयात शिकवला जाणारा विषय आहे, त्यात एम.ए. आणि पीएच.डी. करता येते, आणि तो शिकवून पोट भरता येते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. या लेखात हे काम काय असते, त्याची पात्रता कोणती, शिक्षण कोठे मिळते, पैशाची सोय कशी होते आणि यात अडचणी कोणत्या, याचा क्रमाने विचार करू.

रेडिओ आणि लोकशिक्षण

भारतात नियमित प्रसारणाची सुरुवात २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्रापासून झाली. १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. पुढे 'आकाशवाणी' हे नाव रूढ झाले. आकाशवाणीचे ब्रीद 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' असे आहे. हे शब्द पाली विनयपिटकातून आलेले आहेत, हे आपल्या वाचकांना सांगावयास नकोच. परमपूज्य बाबासाहेबांनीही ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगणारे भाषण केले होते. जे काही मिनिटांत सांगावयाचे, ते साध्या शब्दांत कसे सांगावे, याचा तो उत्तम नमुना आहे.

रेडिओचा शिक्षणासाठी शास्त्रशुद्ध उपयोग कसा करता येतो, याचा एक मोठा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकरी मंडळांचा उपक्रम राबविण्यात आला. पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन वेळा, दहा आठवडे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम मंडळातील लोक एकत्र बसून ऐकत. नंतर त्यावर आपसात चर्चा करीत, प्रश्न केंद्राकडे पाठवीत आणि जमेल ते गावात करून पाहत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. संशोधकांनी कार्यक्रमांपूर्वी आणि नंतर गावकऱ्यांना प्रश्न विचारले, आणि ज्या गावांत मंडळे नव्हती त्या गावांशी तुलना केली. मंडळांच्या गावांत ज्ञान अधिक वाढल्याचे दिसून आले. पुढे १९५९ पासून ही कल्पना देशभर नेण्यात आली.

हे उदाहरण मुद्दाम दिले. माइकसमोर बोलणारा माणूस आपल्याला ऐकू येतो. परंतु ते बोलणे कोणापर्यंत पोहोचले, कोणाला कळले, कोणाला कळले नाही, याचा अभ्यास करणारा माणूसही तितकाच महत्त्वाचा असतो. प्रसारणाचा प्राध्यापक ही दोन्ही कामे करतो.

महाविद्यालयांना लहरी कशा मिळाल्या

पुष्कळ वर्षे रेडिओ हा केवळ सरकारच्या हाती होता. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा उपयोग जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे, असा निर्णय दिला. त्यानंतर हळूहळू दारे उघडली. २००२ च्या अखेरीस केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना स्वतःची छोटी रेडिओ केंद्रे चालविण्याची परवानगी देण्याचे ठरविले. त्यानुसार देशातील पहिले कॅम्पस रेडिओ केंद्र चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. २००६ च्या नव्या धोरणाने नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही हा हक्क मिळाला. यालाच आपण सामुदायिक रेडिओ म्हणतो. २०२४ पर्यंत देशात अशा केंद्रांची संख्या पाचशेच्या आसपास पोहोचली.

महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' हे १०७.४ वरील केंद्र प्रसिद्ध आहे. मुंबई विद्यापीठानेही 'मस्ट' या नावाने रेडिओ चालविला. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे 'माणदेशी तरंग' आणि बारामतीस 'शारदा कृषी वाहिनी' ही ग्रामीण भागासाठीची केंद्रे आहेत. आपल्या जळगावातही खान्देश कॉलेज एज्युकेशन सोसायटीचे 'रेडिओ मनभावन' हे ९०.८ वरील केंद्र आहे. १९४४ साली स्थापन झालेली ही संस्था मूळजी जेठा महाविद्यालयामुळे आपणा सर्वांना परिचित आहे. म्हणजे मेहरूणच्या मुलाला रेडिओ केंद्र आतून पाहावयाचे असेल तर मुंबई-पुण्याला जाण्याची गरज नाही, ते शहरातच आहे.

अशा केंद्राची रचना साधी असते. शंभर वॉटपर्यंतचा प्रक्षेपक, जास्तीत जास्त तीस मीटर उंचीचा मनोरा, एक ध्वनिरोधक खोली, दोन-तीन माइक, मिक्सर आणि संकलनासाठी संगणक. आवाज साधारणतः दहा-पंधरा किलोमीटर परिसरात जातो. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत असा नियम आहे. स्वतःच्या बातम्या देण्यास परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या मात्र जशाच्या तशा प्रसारित करता येतात. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती घेता येतात.

या क्षेत्रात कामे कोणती

महाविद्यालयीन रेडिओ आणि प्रसारण-शिक्षणात साधारणपणे चार प्रकारची कामे आहेत.

पहिले काम अध्यापनाचे. पत्रकारिता व जनसंवाद विभागात सहायक प्राध्यापक म्हणून रेडिओ लेखन, निवेदन, ध्वनिमुद्रण, प्रसारणाचा इतिहास, माध्यमविषयक कायदे आणि संशोधनपद्धती हे विषय शिकवावे लागतात. सकाळी वर्गात तास घ्यावयाचा, दुपारी स्टुडिओत मुलांकडून श्रुतिका किंवा मुलाखत बसवून घ्यावयाची, असा दिवस जातो.

दुसरे काम केंद्र चालविण्याचे. केंद्रप्रमुख, कार्यक्रम निर्माता, तंत्रज्ञ आणि निवेदक ही पदे असतात. बहुतेक ठिकाणी ती कंत्राटी स्वरूपाची असतात. लहान महाविद्यालयात एखादा प्राध्यापकच केंद्रप्रमुखाचे काम पाहतो.

तिसरे काम शैक्षणिक निर्मितीचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. त्यासाठी निवडक विद्यापीठांत माध्यम केंद्रे उघडण्यात आली, त्यांपैकी एक पुणे विद्यापीठात आहे. तेथे निर्माता, संकलक, छायाचित्रकार, अभियंता अशी पदे असतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, तेथेही दृक्-श्राव्य शिक्षणसामग्रीची निर्मिती होते.

चौथे काम संशोधनाचे. हैदराबाद विद्यापीठात २०११ साली सामुदायिक माध्यमांसाठी युनेस्कोचे अध्यासन स्थापन झाले. तेथील प्रा. विनोद पावराला आणि प्रा. कांचन मलिक यांनी भारतातील सामुदायिक रेडिओच्या चळवळीवर २००७ साली ग्रंथ लिहिला. आज या विषयावर काम करणाऱ्या कोणत्याही संशोधकाला तो वाचावाच लागतो.

परदेशात ही परंपरा अधिक जुनी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात शंभर वर्षांपूर्वी प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी मिळून प्रायोगिक केंद्र उभारले. शेतकऱ्यांना हवामान आणि बाजारभाव सांगणे, हा त्यांच्या सुरुवातीच्या कामांतला एक भाग होता. आपल्या केळी-कापूस उत्पादकांना आजही नेमके हेच हवे असते. तेथे प्रसारणाच्या प्राध्यापकांची स्वतंत्र संघटना १९५५ पासून आहे. उत्तम रेडिओ कार्यक्रमाची निर्मिती हीसुद्धा विद्वत्तेची कामगिरी धरावी, यासाठी ती प्रयत्न करते. आपल्याकडे अद्याप नेमणूक व बढतीच्या वेळी शोधनिबंध आणि पुस्तके यांचेच पारडे जड असते. म्हणून स्टुडिओत रमणाऱ्याने लेखणीही चालू ठेवावी, हे आरंभीच लक्षात घ्यावे.

पात्रता व परीक्षा

सहायक प्राध्यापक होण्यासाठी पत्रकारिता, जनसंवाद किंवा संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ५० टक्के आहे. त्यानंतर नेट अथवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट ही किमान पात्रता असून पीएच.डी. सक्तीची नाही. तथापि पुढील बढतीसाठी आणि निवडीच्या वेळी पीएच.डी.चा उपयोग होतोच.

नेट परीक्षा वर्षातून दोनदा घेतली जाते. पहिल्या पेपरात ५० प्रश्न व १०० गुण, दुसऱ्यात विषयाचे १०० प्रश्न व २०० गुण असतात. वेळ एकूण तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये. सहायक प्राध्यापकपदाच्या नेटसाठी वयाची मर्यादा नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजेच जे.आर.एफ., हवी असल्यास खुल्या वर्गाला ३० वर्षांची मर्यादा असून अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना पाच वर्षांची सवलत आहे. जे.आर.एफ. मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हा दर जानेवारी २०२३ पासून लागू झाला. संशोधन करता करता घरालाही हातभार लागेल, अशी ही रक्कम आहे. सेट परीक्षा महाराष्ट्र व गोवा या राज्यांसाठी पुणे विद्यापीठ घेते. ती मराठीतूनही देता येते, ही आपल्या मुलांसाठी मोठी सोय आहे.

नियमित पदावर नेमणूक झाल्यास सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये असते.

शिक्षण कोठे घ्यावे

आपल्या विद्यापीठाची स्थापना १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने झाली. २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. तेथे जनसंवाद व पत्रकारितेचे शिक्षण मिळते. मेहरूणहून रोज ये-जा करता येते, म्हणजे वसतिगृहाचा खर्च वाचतो.

बाहेर जाण्याची तयारी असेल तर पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट, छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि हैदराबाद विद्यापीठ येथे चांगले शिक्षण मिळते. ध्वनिमुद्रण व ध्वनिसंयोजन या तांत्रिक बाजूसाठी पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ही देशातील नामवंत संस्था आहे. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचे एक केंद्र अमरावती येथे आहे. प्रवेश परीक्षा बहुतेक ठिकाणी असते, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षीच जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

पदवी कोणत्याही शाखेची चालते. विज्ञान शाखेच्या मुलाला तंत्राची बाजू सोपी जाते. मराठी, समाजशास्त्र, इतिहास घेतलेल्याला लेखन आणि संशोधन सोपे जाते.

पैशाची सोय

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असल्यास, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पीएच.डी.साठी केंद्राची राष्ट्रीय छात्रवृत्ती आणि पुण्याच्या 'बार्टी' संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र ही कागदपत्रे बारावीनंतरच्या सुट्टीतच तयार करून ठेवावीत. मुदत संपल्यावर कागद गोळा करू लागलेल्या मुलाचे एक वर्ष वाया जाते.

खरे चित्र

येथपर्यंतची माहिती वाचून कोणास हा राजमार्ग वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. पत्रकारितेचे विभाग लहान असतात, एकेका विभागात मोजकी पदे. पुष्कळ महाविद्यालयांत हे अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. त्यामुळे नेट-सेट उत्तीर्ण झालेली मुलेही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करताना दिसतात. जितके तास घेतले तितकेच मानधन, सुट्टीच्या महिन्यांत काहीच नाही, आणि पुढील वर्षी पुन्हा मुलाखत. घरात लग्नाची बहीण असते, आईवडिलांचे हात थकलेले असतात, आणि मुलगा पस्तिशीला येऊनही तासिकेवरच असतो. अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

मग हा मार्ग सुचवावा तरी का? आमचे म्हणणे असे आहे की, या विषयात शिकलेली कौशल्ये प्राध्यापकीवाचूनही उपयोगी पडतात. ध्वनिसंकलन येणारा, शुद्ध मराठी लिहिणारा, लोकांना बोलते करणारा माणूस आकाशवाणीत नैमित्तिक निवेदक म्हणून, सामुदायिक केंद्रात, सामाजिक संस्थेत, अनुवादात किंवा शैक्षणिक ध्वनिफिती तयार करण्यात काम मिळवू शकतो. म्हणून एम.ए. करतानाच एक हुन्नर हाती असू द्यावा आणि नेट-सेटसाठी आपल्यापुरती वर्षांची मर्यादा ठरवून घ्यावी. त्या मुदतीत नियमित पद न मिळाल्यास दुसरे काम पत्करण्यात कमीपणा मानू नये. ही गोष्ट पालकांनीही समजून घ्यावी.

आपल्या बोलीचे काय?

आणखी एक अडचण मनातली असते. "आमचं बोलणं अहिराणी वळणाचं, रेडिओवर कसं चालेल?" असे मुले विचारतात. मुलींना तर हा संकोच अधिक असतो. यावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. प्रमाण मराठीचे उच्चार सरावाने येतात. रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, स्वतःचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून ऐकावा, 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांतील फरक पाहावा. स्वरचाचणीत हेच तपासतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अहिराणी, लेवा गणबोली, तडवी, पावरा या बोलींत कार्यक्रम करू शकणारा माणूस बाहेरून आणता येत नाही. सामुदायिक रेडिओ स्थानिक लोकांच्या भाषेसाठीच असतो. तेथे आपली बोली हे भांडवल ठरते.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेव आणि घरातील माणसांनी त्यांच्या ओव्या कागदावर उतरविल्या, म्हणून १९५२ साली त्या महाराष्ट्रासमोर आल्या. ज्यांच्या घरात लिहिणारे कोणी नव्हते, अशा किती आजींची गाणी त्यांच्याबरोबर गेली असतील? आपल्या समाजातील जलसाकार, शाहीर, जात्यावर भीमाच्या ओव्या गाणाऱ्या स्त्रिया, धर्मांतराचा काळ पाहिलेली वडीलधारी मंडळी आता थोडी उरली आहेत. त्यांचे आवाज मुद्रित करणे हे रेडिओचे काम आहे आणि विद्यापीठीय संशोधनाचेही. पीएच.डी.ला विषय सापडत नाही म्हणणाऱ्याने आधी आपली गल्ली पाहावी.

या वर्षी काय करता येईल

विद्यार्थ्यांनी सुट्टीत एखाद्या रेडिओ केंद्राला भेट द्यावी. आकाशवाणीच्या युववाणी कार्यक्रमाची चौकशी करावी. मेहरूण तलाव पूर्वी कसा होता, मेहरूणच्या बोरांच्या बागा कोठे होत्या, आज किती झाडे उरली, हे जाणत्या माणसांकडून विचारून पंधरा मिनिटांचा कार्यक्रम तयार करावा. त्यासाठी साधा मोबाइल पुरतो. मुलाखत घेताना पंखा बंद ठेवावा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. या तीन नियमांनी निम्मे काम सुधारते. बोलणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि तारीख लिहून ठेवावी व त्याची परवानगी घ्यावी, म्हणजे हाच कार्यक्रम उद्या संशोधनाला साधन होतो.

समाजसंस्थांनीही विचार करावा. किमान तीन वर्षे काम केलेली नोंदणीकृत सेवाभावी संस्था सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करू शकते. परंतु केंद्र उभारणे आणि रोज चालविणे हे खर्चाचे व चिकाटीचे काम आहे. त्याआधी विहारात किंवा वाचनालयात शांत खोली, एक चांगला माइक, एक जुना संगणक आणि ध्वनिमुद्रणांची नोंदवही, एवढी सुरुवात कोणासही करता येईल. नेट-सेटची पुस्तके तेथेच ठेवावीत, आणि जे उत्तीर्ण झाले आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार धाकट्यांना द्यावा.

आपल्या समाजाने पुष्कळ काळ दुसऱ्यांचे ऐकले. आज आपली मुले प्राध्यापक, डॉक्टर, अभियंते होत आहेत. त्यांच्यापैकी दोघे-चौघे जरी माइकमागे आणि प्रसारणाच्या वर्गात उभे राहिले, तरी मेहरूणची गोष्ट मेहरूणच्याच तोंडून सांगितली जाईल. ज्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला या मार्गाने जाण्याची इच्छा असेल, त्यांनी प्रथम पालकांशी मोकळेपणाने बोलावे, हा लेख त्यांना वाचून दाखवावा, आणि मगच निर्णय घ्यावा.